उन्हाळी सुटी आणि विशेष मुलांचे शिक्षण : पारख कशी करावी?

उन्हाळ्याची सुटी म्हणजे मुलांसाठी पर्वणीच. अमेरिकेच्या ईशान्य भागातील शाळांना जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे सुमारे दहा आठवडे सुटी असते. या काळात बहुतेक मुले थोडेफार विसरतात आणि शाळा उघडल्यावर पंधरवड्याच्या उजळणीत पुन्हा सावरतात. मात्र स्वमग्न, बहुविकलांग किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या काही मुलांच्या बाबतीत असे घडत नाही. चमचा धरून स्वतः जेवणे, शौचालयाला जायचे आहे हे खुणेने सांगणे, रांगेत शांतपणे उभे राहणे, यांतील एकेक गोष्ट शिकण्यात त्यांचे वर्ष खर्ची पडलेले असते. दहा आठवड्यांचा खंड पडला की ती कमाई वाहून जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

ही हानी टळावी म्हणून अमेरिकी कायद्याने 'एक्स्टेंडेड स्कूल इयर' अर्थात वाढीव शालेय वर्षाची तरतूद केली आहे. पालकांच्या बोलण्यात ती 'ईएसवाय' या आद्याक्षरांनी येते. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया अशा राज्यांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतही अशी मुले आहेत. आपल्या मुलाला ही सेवा हवी का, शाळेने देऊ केलेली सेवा पुरेशी आहे का आणि तिचा खरोखर उपयोग झाला का, हे तीन प्रश्न त्यांच्यापुढे दरवर्षी उभे राहतात. मायेपोटी किंवा धास्तीपोटी दिलेली उत्तरे शाळेच्या बैठकीत टिकत नाहीत. तेथे तारखेनिशी ठेवलेल्या नोंदी बोलतात.

१८० दिवसांची भिंत

अमेरिकेत अपंग मुलांना सार्वजनिक शाळेत विनामूल्य व सुयोग्य शिक्षण मिळण्याचा हक्क १९७५च्या कायद्याने दिला. १९९०मध्ये या कायद्याचे नाव बदलले आणि आज तो 'आयडीईए' या नावाने ओळखला जातो. २००४मध्ये त्यात मोठे फेरबदल झाले. या कायद्यानुसार प्रत्येक पात्र मुलासाठी 'आयईपी' म्हणजे वैयक्तिक शिक्षण आराखडा तयार होतो. तो शिक्षक, तज्ज्ञ, शाळेचा प्रतिनिधी आणि पालक यांनी एकत्र बसून ठरवायचा असतो.

हा हक्क सुटीतही लागू होतो का, हा प्रश्न पेनसिल्व्हेनियात ऐरणीवर आला. वर्षाला १८० दिवसांपेक्षा जास्त शिक्षण द्यायचे नाही, असे त्या राज्याचे धोरण होते. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. १९७९मध्ये संघीय न्यायालयाने 'आर्मस्ट्राँग विरुद्ध क्लाइन' या खटल्यात पालकांच्या बाजूने निकाल दिला आणि १९८०मध्ये अपील न्यायालयाने हे सरसकट धोरण बेकायदा ठरवले. प्रत्येक मुलाची गरज वेगळी असल्याचे कायदा मानत असेल, तर दिवसांची एकच मर्यादा सर्वांना लावता येणार नाही, हे या निकालांचे सार होय. पुढे १९९९च्या संघीय नियमांत वाढीव शालेय वर्षाचा स्पष्ट उल्लेख झाला आणि २००६च्या नियमांत तो कायम राहिला.

आजचा नियम थोडक्यात असा. सुयोग्य शिक्षणासाठी आवश्यक असेल, तर सुटीतील सेवा पालकांना कोणताही खर्च न पडता मिळालीच पाहिजे. तिची गरज आयईपी ठरवणाऱ्या गटाने त्या त्या मुलाचा विचार करून ठरवायची असते. विशिष्ट प्रकारच्या अपंगत्वापुरतीच ती राखून ठेवता येत नाही. तसेच सेवेचा प्रकार, प्रमाण वा कालावधी शाळेला एकतर्फी मर्यादित करता येत नाही.

येथे दोन गल्लती टाळल्या पाहिजेत. मागे पडलेल्या विद्यार्थ्यांसाठीची उन्हाळी शाळा आणि ही सेवा एक नव्हेत. त्याचप्रमाणे शाळेने वर्षभरात न दिलेल्या सेवांची भरपाई हाही वेगळा विषय आहे. मुलाची जास्तीत जास्त प्रगती घडवणे हा वाढीव शालेय वर्षाचा उद्देश नसतो. मिळवलेले टिकावे आणि वर्षभराचे शिक्षण निरर्थक ठरू नये, एवढाच त्याचा हेतू असतो.

पहिला प्रश्न : गरज आहे का?

गरज ठरवताना दोन गोष्टी सर्वप्रथम पाहिल्या जातात. सुटीत कौशल्याची घसरण किती झाली आणि ती भरून निघायला किती काळ लागला. घसरण तर सर्वच मुलांची होते, म्हणून भरपाईला लागलेला काळ अधिक महत्त्वाचा.

समजा, आठ वर्षांचा एक स्वमग्न मुलगा तहान लागली की चित्राचे कार्ड देऊन पाणी मागायला शिकला आहे. जूनच्या शेवटच्या आठवड्यात तो दहा प्रसंगांपैकी आठ वेळा कार्ड देतो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हे प्रमाण तीनवर आलेले दिसते. नंतर दर आठवड्याला मोजत गेल्यास ते हळूहळू वाढते आणि नोव्हेंबरच्या मध्याला पुन्हा आठवर पोहोचते. सुटीचे दहा आठवडे आणि भरपाईचे दहा आठवडे मिळून वीस आठवडे हा मुलगा एक पाऊलही पुढे गेलेला नाही. याउलट दुसरा एक मुलगा आठवरून पाचवर घसरला, पण पंधरवड्यात सावरला, तर केवळ या कारणासाठी त्याला सेवा मिळणे अवघड आहे.

किती काळ म्हणजे जास्त, याचे माप राज्यागणिक बदलते. टेक्सासच्या नियमानुसार भरपाईचा वाजवी काळ कोणत्याही परिस्थितीत आठ आठवड्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. न्यूयॉर्कच्या मार्गदर्शक सूचनांतही आठ आठवड्यांचेच माप आहे. त्यामुळे पालकांनी प्रथम आपल्या राज्याचा नियम मिळवून वाचणे हिताचे ठरते.

मात्र घसरण हाच एकमेव निकष नव्हे. ओक्लाहोमातील बिक्सबी येथील प्रकरणात १९९०मध्ये अपील न्यायालयाने, केवळ मागील घसरणीकडे पाहणे पुरेसे नसून पुढे काय घडू शकेल याचाही अंदाज घ्यावा लागतो, असे म्हटले. पालक घरी कितपत शिकवू शकतात, अन्य सोयी उपलब्ध आहेत का, मुलाच्या वर्तनाच्या अडचणी कोणत्या, याही गोष्टी त्यात येतात. मेरीलँडमधील १९९४च्या एका निकालात आणखी एक मुद्दा पुढे आला. मूल एखाद्या महत्त्वाच्या कौशल्याच्या उंबरठ्यावर उभे आहे का? वर्षानुवर्षे अबोल असलेल्या मुलाने मे महिन्यात पहिले दोन शब्द उच्चारले असतील, तर तेथे जुनी घसरण दाखवायला जागाच नसते. तरीही तो क्षण वाया जाऊ देणे परवडणारे नसते.

पेनसिल्व्हेनियाच्या नियमांत अशा सात बाबींची नोंद आहे. घसरण व भरपाई यांच्याबरोबरच कौशल्य कितपत पक्के झाले, स्वावलंबनासाठी ते किती कळीचे आहे, वारंवारच्या खंडामुळे मूल शिकण्यापासूनच दूर जाते का, अपंगत्व किती तीव्र आहे, यांचा तेथे विचार होतो. दुसऱ्या बाजूला, काही न्यायालयांचा निकष कडक आहे. दक्षिण कॅरोलायनातील २००२च्या प्रकरणात अपील न्यायालयाने, वर्षभरात मिळालेला लाभ लक्षणीय प्रमाणात धोक्यात येणार असेल तरच ही सेवा आवश्यक ठरते, असा दंडक घातला. म्हणूनच 'उन्हाळ्यात शिकवले तर बरे होईल' हा युक्तिवाद लंगडा ठरतो. 'शिकवले नाही, तर अमुक कौशल्य इतके घसरेल आणि सावरायला इतके आठवडे लागतील' हा युक्तिवाद वजनदार असतो.

मोजमाप कसे करावे?

मोजमाप म्हटले की अनेक पालक बिचकतात, पण त्यासाठी फक्त वही आणि सातत्य लागते. आयईपीतील सगळी उद्दिष्टे घेण्याऐवजी तीन किंवा चार कळीची कौशल्ये निवडावीत. प्रत्येक कौशल्यासाठी 'बरा करतो', 'कधी कधी करतो' असे शेरे न लिहिता दहापैकी किती वेळा, किती मिनिटे, किती मदतीने हे आकड्यांत लिहावे. सुटीच्या आधीचा शेवटचा आठवडा, सुटीनंतरचा पहिला आठवडा आणि त्यानंतर पूर्वपातळी येईपर्यंत दर आठवडा, असा क्रम ठेवावा. दरवेळी तेच काम, तशाच परिस्थितीत आणि शक्यतो त्याच व्यक्तीने पाहावे, अन्यथा तुलना फसते.

यासाठी उन्हाळ्याचीच वाट पाहण्याचे कारण नाही. थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि वसंत ऋतूतील लहान सुट्यांच्या आधी व नंतर केलेल्या नोंदी पुढील उन्हाळ्याचा अंदाज देतात. दहा दिवसांच्या नाताळाच्या सुटीनंतर मुलाला सावरायला महिना लागत असेल, तर दहा आठवड्यांनंतर काय होईल हे वेगळे सांगायला नको. शाळेकडे असलेल्या नोंदी पाहण्याचा हक्क पालकांना आहे आणि मागणी केल्यापासून ४५ दिवसांच्या आत शाळेने त्या दाखवायच्या असतात. घरची वही आणि शाळेची नोंद एकमेकींना दुजोरा देत असतील, तर बैठकीतील निम्मा वाद संपतो.

मराठी घरांतील एक मुद्दा येथे नमूद करायला हवा. मुलाशी घरी मराठीत बोलले जात असेल, तर मूल्यमापन करणाऱ्यांना ते सांगितले पाहिजे. शक्य असेल तेथे मुलाच्या भाषेत मूल्यमापन व्हावे आणि गरज असल्यास आयईपीच्या बैठकीत पालकांना दुभाषा मिळावा, अशी तरतूद संघीय नियमांत आहे. जे मूल आजीजवळ 'पाणी दे' म्हणते आणि वर्गात गप्प राहते, त्याचे कौशल्य हरवले आहे की केवळ वर्गात वापरले जात नाही, हे त्याशिवाय कळणार नाही.

दुसरा प्रश्न : देऊ केलेली सेवा पुरेशी आहे का?

'पात्र' हा शब्द ऐकून पालक सुटकेचा नि:श्वास टाकतात, पण खरी पारख येथून पुढे सुरू होते. समजा, शाळेने जुलै महिन्यात चार आठवडे, आठवड्यातून चार दिवस, रोज तीन तास असा कार्यक्रम देऊ केला. एकूण ४८ तास झाले. कागदावर ही संख्या भरघोस वाटते. परंतु कार्यक्रम जुलैअखेर संपला आणि शाळा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडली, तर मध्ये सुमारे पाच आठवडे मोकळेच राहतात. ज्या मुलाची घसरण दोन आठवड्यांच्या खंडातही दिसते, त्याच्यासाठी हा आराखडा अपुरा आहे. तेच तास ऑगस्टपर्यंत विभागून दिले, तर त्यांचा उपयोग वाढू शकतो. म्हणून तासांची बेरीज करण्याआधी भिंतीवरचे कॅलेंडर पाहावे.

त्यानंतर उद्दिष्टांकडे वळावे. सुटीत आयईपीतील सर्व उद्दिष्टांवर काम होईलच असे नाही, पण ज्या कौशल्यांच्या घसरणीमुळे सेवा मंजूर झाली, ती तरी यादीत असलीच पाहिजेत. बोलण्याच्या अडचणीसाठी मंजूर झालेल्या मुलाला उन्हाळाभर रंगकाम आणि गाणी एवढेच मिळाले, तर त्याला सेवा म्हणता येणार नाही. वाचा-उपचार किंवा व्यवसायोपचार लागत असेल, तर त्याची सत्रे किती, किती मिनिटांची आणि कोण घेणार हे आराखड्यात लिहिलेले असावे. शाळेची बसही आवश्यक असल्यास संबंधित सेवांत मोडते. टेक्सासमधील अलामो हाइट्स प्रकरणात १९८६मध्ये अपील न्यायालयाने बहुविकलांग मुलाच्या उन्हाळी सेवेबरोबर वाहतुकीचा हक्कही मान्य केला होता.

शिकवणारी व्यक्ती हा तितकाच नाजूक मुद्दा आहे. उन्हाळ्यात अनेकदा बदली शिक्षक येतात. त्यांना मुलाच्या खुणा, त्याची भीती, त्याला शांत करण्याची रीत ठाऊक नसते. नेहमीच्या शिक्षकांनी लिहिलेले एक पानी टिपण पहिल्याच दिवशी त्यांच्या हाती पडले, तर ओळख होण्यात जाणारा आठवडा वाचतो.

अशा बैठकांत शाळेकडून काही ठरावीक उत्तरे ऐकू येतात. 'आमच्याकडे सर्वांना चार आठवडेच देतात' हे उत्तर नियमाला धरून नाही, कारण कालावधी मुलागणिक ठरतो. कॅलिफोर्नियात अशा कार्यक्रमाचे किमान २० शालेय दिवस ठरलेले आहेत, पण ते किमान आहेत, कमाल नव्हेत. 'ही सेवा फक्त तीव्र स्वमग्न मुलांना असते' हेही चूक, कारण अपंगत्वाच्या प्रकारावरून दार बंद करता येत नाही. 'त्याचे गुण चांगले आहेत' हे उत्तर अर्धवट आहे, कारण वर्तन, संवाद आणि स्वावलंबन हीसुद्धा शिक्षणाचीच अंगे आहेत.

तिसरा प्रश्न : उपयोग झाला का?

सप्टेंबरमध्ये शाळा सुरू होताच पालक नव्या वर्षाच्या धांदलीत पडतात आणि उन्हाळ्याचा हिशेब मागे राहतो. वस्तुत: तोच काळ सर्वांत मोलाचा. ठरलेली किती सत्रे प्रत्यक्षात झाली, किती रद्द झाली, रोजच्या नोंदी कोठे आहेत, हे लगेच विचारावे. त्यानंतर जूनचे आकडे आणि सप्टेंबरचे आकडे शेजारी शेजारी ठेवावेत.

कौशल्य टिकून राहिले असेल, तर सेवा यशस्वी झाली. येथेच एक फसवा युक्तिवाद पुढे येतो : 'यंदा घसरण झाली नाही, तेव्हा पुढच्या वर्षी सेवेची गरज नाही.' छत्री उघडल्यामुळे माणूस भिजला नाही, म्हणजे पाऊसच नव्हता असे होत नाही. अशा वेळी सेवा नसलेल्या लहान सुट्यांच्या नोंदी उपयोगी पडतात. नाताळात घसरण दिसत असेल आणि उन्हाळ्यात सेवेमुळे ती थांबली असेल, तर गरज सिद्धच होते.

सेवा मिळूनही कौशल्य घसरले असेल, तर लगेच ती निरुपयोगी ठरवू नये. ते कौशल्य शिकवले गेले होते का, सत्रे पुरेशी झाली का, ऑगस्टमधील खंड फार मोठा होता का, की वर्गात येणारी गोष्ट घरी उतरलीच नाही, याचा शोध घ्यावा. त्या उत्तरांतून पुढच्या उन्हाळ्याचा आराखडा सुधारता येतो.

वेळ साधणे महत्त्वाचे

मे महिन्यात हा विषय काढणाऱ्या पालकांच्या हाती फारसे काही लागत नाही. नकार आला तर दाद मागायला वेळच उरत नाही. मेरीलँडच्या त्या निकालात शाळा प्रशासनाच्या दिरंगाईवर न्यायालयाने बोट ठेवले होते. पेनसिल्व्हेनियात तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांसाठी २८ फेब्रुवारीपर्यंत बैठक आणि ३१ मार्चपर्यंत पालकांना लेखी सूचना, असे वेळापत्रकच आहे. इतर राज्यांतील पालकांनीही जानेवारीत लेखी विनंती करणे श्रेयस्कर.

नकार मिळाल्यास तो कारणांसह लेखी मागावा, कायद्याने शाळेवर तसे बंधन आहे. पुढे मध्यस्थी, राज्याकडे तक्रार किंवा सुनावणी हे मार्ग खुले असतात. राज्याकडील तक्रार घटनेपासून एका वर्षाच्या आत करावी लागते आणि तिचा निर्णय सर्वसाधारणपणे ६० दिवसांत अपेक्षित असतो. सुनावणीत पुराव्याचा भार दाद मागणाऱ्यावर असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये ठरवले. तथापि न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या राज्यांनी त्यानंतर कायदे करून तो सामान्यत: शाळेवर टाकला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्याच २०१७च्या 'एन्ड्र्यू एफ.' निकालाने मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती होऊ शकेल असा आराखडा असावा, हे स्पष्ट केले. नाममात्र प्रगतीवर समाधान मानण्याची सवय त्यामुळे सोडावी लागली.

मायदेशाची वारी

परदेशातील मराठी कुटुंबांपुढे आणखी एक पेच असतो. उन्हाळा हाच भारतात येण्याचा काळ. विमानाची तिकिटे जानेवारीतच काढली जातात आणि सेवा मंजूर होते एप्रिलमध्ये. आजी-आजोबांचा सहवास, आत्या-मामांची वर्दळ, चुलत-मावस भावंडांबरोबरचा दंगा यांचे मोल आकड्यांत सांगता येत नाही, आणि सुटी हा मुलाचाही हक्क आहे. त्यामुळे सेवेसाठी वारी रद्दच करावी, असे कोणी म्हणणार नाही.

मात्र बैठकीतच प्रवासाच्या तारखा सांगाव्यात आणि उरलेल्या आठवड्यांत सेवा बसवता येते का, हे पाहावे. सेवा घ्यायची नसेल, तर 'मूल पात्र आहे, परंतु पालकांनी या वर्षी सेवा घेतली नाही' अशी नोंद आग्रहाने करून घ्यावी. नुसते 'गरज नाही' असे लिहिले गेले, तर पुढच्या वर्षी तेच वाक्य आडवे येते. भारतात आल्यावर आजी-आजोबांना दोनच कौशल्ये नेमून द्यावीत. पाण्यासाठी कार्ड मागायचे आणि जेवताना चमचा हातात द्यायचा, एवढे घरातल्या प्रत्येकाने पाळले तरी पुष्कळ. लाडापोटी सगळे न मागता हातात देण्याची आपली रीत अशा मुलांना महागात पडते.

आपल्याकडे काय?

भारतात २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली. ठरावीक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना विनामूल्य शिक्षणाचा हक्कही दिला. प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवणे हे शिक्षणसंस्थांचे कर्तव्य आहे, असेही त्यात म्हटले आहे. परंतु सुटीतील शिक्षणाची स्वतंत्र तरतूद त्यात नाही. मे महिन्यात विशेष शाळा बंद झाली की उपचार, शिकवणी, शिबिर हे सारे पालकांच्या ऐपतीवर आणि शहरातील सोयींवर अवलंबून राहते.

तरीही मोजमापाची वही कोणत्याही कायद्यावाचून ठेवता येते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तीन कौशल्यांची नोंद करावी, जूनमध्ये शाळा उघडताच तीच नोंद पुन्हा करावी आणि मूल पूर्वपातळीवर केव्हा आले ती तारीख लिहून ठेवावी. शिबिराचे शुल्क भरायचे की नाही, घरी येणाऱ्या शिक्षिकेची किती सत्रे ठेवायची, मे महिन्यात गावी किती दिवस राहायचे, हे निर्णय मग ऐकीव सल्ल्यावर सोडावे लागणार नाहीत. तीच वही जूनमध्ये नव्या वर्गशिक्षिकेच्या हाती दिली, तर मुलाला काय येत होते आणि सुटीत काय निसटले, हे शोधण्यात वर्षाचे पहिले महिने जाणार नाहीत.